चरित्र आधी की पत्रं? संशोधनासाठी साहित्यिकांची चरित्रं आणि पत्रसंग्रह निवडताना

प्रबंधांचे मसुदे वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘लेखकाने स्वतःच एका पत्रात म्हटले आहे की…’ तळटीप बघावी, तर ती पत्रसंग्रहाची नसते, चरित्राची असते. म्हणजे चरित्रकाराने निवडलेल्या, त्याला हव्या तिथे तोडलेल्या आणि पुष्कळदा भाषांतरित झालेल्या ओळी अभ्यासकाने ‘लेखकाचे शब्द’ म्हणून उचलल्या. मूळ पत्र कुणाला लिहिलं होतं, त्याच्या आधी-नंतर काय होतं, ते आज अस्तित्वात तरी आहे का, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं.

ही चूक आळसाची नाही, क्रमाची आहे. बहुतेक जण सगळ्यात गाजलेलं चरित्र आधी वाचतात, त्यातून मत बनवतात आणि मग त्या मताला टेकू देणारी पत्रं शोधतात. क्रम उलटा हवा. प्रश्न पक्का करायचा, साधनांची यादी करायची, पत्रसंग्रहांची पारख करायची आणि मग त्या पत्रांवर तपासून घेता येईल असं चरित्र निवडायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत, त्यांची अदलाबदल करू नका.

पूर्वतयारी: एक कालपट

ग्रंथालयात जाण्याआधी तुमच्या लेखकाचा वर्षवार कालपट तयार करा. कोशातल्या नोंदी एवढ्यापुरत्या चालतील. प्रत्येक वर्षापुढे चार गोष्टी लिहा: तो कुठे राहत होता, कुणासोबत राहत होता, काय लिहीत होता, काय प्रसिद्ध झालं. ‘कुणासोबत’ हा रकाना लोक गाळतात आणि पत्रांच्या अभ्यासात तोच सगळ्यात कामाला येतो. का, ते टप्पा ६ मध्ये कळेल.

त्याच कागदाच्या मागे आणखी एक नोंद ठेवा: लेखकाच्या मृत्यूनंतर कागदपत्रं कुणाकडे गेली. पत्नी किंवा पती, भावंडं, मित्र, प्रकाशक, विद्यापीठ. पत्रांमधून काय गाळलं गेलं असेल याचा पहिला अंदाज इथेच येतो.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘अमुक लेखकाच्या जीवनाचा त्याच्या साहित्यावरील प्रभाव’ हा प्रश्न नव्हे, हे शीर्षक आहे. त्यावरून कुठलं पुस्तक घ्यायचं ते ठरत नाही. ‘या कादंबरीचा शेवट लेखकाने का बदलला?’ हा प्रश्न आहे. त्यासाठी संपादक-प्रकाशकांना लिहिलेली पत्रं लागतील, त्यांची उत्तरं लागतील आणि चरित्रातली चार-पाच पानं पुरतील. प्रश्न लेखकाच्या वाचनाचा असेल तर मित्रांना लिहिलेली पत्रं आणि चांगली विषयसूची असलेला संग्रह लागेल. प्रश्न घराण्याचा, पैशाचा, आजारपणाचा असेल तर चरित्राचं वजन वाढतं, कारण दाखले, करार, हिशेब अशी पत्रांबाहेरची कागदपत्रं चरित्रकारानेच धुंडाळलेली असतात.

तपासा: प्रश्न वाचून ‘कुणाला लिहिलेली पत्रं?’ याचं उत्तर देता येतं का? येत नसेल तर प्रश्न अजून ढोबळ आहे.

टप्पा २: चरित्रांची यादी, प्रत्येकापुढे तीन साल

उपलब्ध असलेली सगळी चरित्रं नोंदवा. अजून वाचायचं काहीच नाही. प्रत्येकापुढे तीन साल लिहा: पहिली आवृत्ती, सुधारित आवृत्ती आणि तुमच्या प्रश्नाशी निगडित कागदपत्रं अभ्यासकांना खुली झाली ते साल.

तिसऱ्या सालात खरी गोम आहे. कवी टी. एस. एलियटने आपली जुनी मैत्रीण एमिली हेल हिला लिहिलेली १,१३१ पत्रं प्रिन्स्टन विद्यापीठात मोहरबंद होती, ती २ जानेवारी २०२० रोजी खुली झाली. त्यापूर्वीचं कुठलंही एलियट-चरित्र, कितीही विद्वत्तापूर्ण असलं तरी, या नात्याबद्दल अंदाजावरच चाललेलं आहे. म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. एलियटच्या बँकेतल्या नोकरीबद्दल ते अजूनही उत्तम असू शकेल. पण हेलबद्दलचं त्यातलं विधान २०२० नंतरच्या प्रबंधात जसंच्या तसं घेतलं, तर परीक्षक तिथेच बोट ठेवील.

आवृत्तीचं सालही वरवरचं समजू नका. रिचर्ड एलमनचं जेम्स जॉइसचं चरित्र १९५९ मध्ये आलं आणि १९८२ मध्ये सुधारून वाढवून पुन्हा आलं. एलिझाबेथ गॅस्केलने लिहिलेल्या शार्लट ब्राँटेच्या चरित्राची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १८५७ साली ते प्रसिद्ध झालं, कायदेशीर कारवाईच्या धमक्यांमुळे प्रती मागे घ्याव्या लागल्या आणि त्याच वर्षी दुरुस्त केलेली तिसरी आवृत्ती निघाली. ‘गॅस्केल, १८५७’ एवढ्या संदर्भावरून वाचकाला काहीच कळत नाही, कारण १८५७ मध्ये दोन वेगळे मजकूर आहेत.

इशारा: ‘नवी आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांत गल्लत करू नका. मुखपृष्ठ नवं, प्रस्तावना नवी आणि आतला मजकूर चाळीस वर्षांपूर्वीचाच, हा प्रकार सर्रास चालतो. श्रेयनामावलीचं पान उघडा. तिथे फक्त मुद्रणाच्या तारखा असतील तर मजकूर जुनाच आहे.

टप्पा ३: चरित्रकार कोण, आणि त्याला कागद कुणी दिले?

‘अधिकृत चरित्र’ म्हटलं की नवख्या अभ्यासकाला हायसं वाटतं. अधिकृत याचा अर्थ एवढाच, की वारसांनी कागदपत्रं पाहू दिली. त्या बदल्यात काय कबूल करून घेतलं, ते सहसा छापलेलं नसतं.

टोकाचं उदाहरण इंग्रजी कादंबरीकार टॉमस हार्डीचं. त्याच्या मृत्यूनंतर १९२८ आणि १९३० साली दोन भागांत चरित्र आलं, लेखिका म्हणून दुसरी पत्नी फ्लॉरेन्स हिचं नाव. प्रत्यक्षात त्यातला बराचसा मजकूर हार्डीने स्वतःच तृतीयपुरुषात लिहून ठेवला होता, आणि ज्या टिपणांवरून, पत्रांवरून तो लिहिला त्यांतलं पुष्कळसं जाळून टाकलं होतं. चरित्र म्हणून वाचलं तर ते फसवतं. हार्डीला स्वतःचं कसलं चित्र मागे ठेवायचं होतं, याचा पुरावा म्हणून वाचलं तर मोलाचं ठरतं. पुस्तक तेच, पण कुठल्या रकान्यात ठेवता यावर त्याचा उपयोग बदलतो.

म्हणून यादीतल्या प्रत्येक चरित्रापुढे एक शब्द लिहा: आप्त, स्नेही, नेमलेला, स्वतंत्र, समीक्षक. आप्ताने लिहिलेलं चरित्र बाद करू नका. घरातल्या रोजच्या तपशिलांसाठी, बोलण्या-वागण्याच्या लकबींसाठी तेच हाताशी असतं. फक्त वाद असलेल्या मुद्द्यावर त्याचा एकट्याचा आधार घेऊ नका.

टप्पा ४: पत्रसंग्रह – आधी संपादकीय, मग पत्रं

इथे वेळ द्या, बाकी टप्पे भराभर उरकले तरी चालतील. पत्रसंग्रह हाती आला की लोक थेट ओळखीच्या नावाच्या पत्रावर उडी मारतात. ती पानं आधी उघडायची नाहीत. संपादकाने ‘संपादनाविषयी’, ‘संहितेविषयी’ किंवा तत्सम मथळ्याखाली जे लिहिलंय ते पेन्सिल हातात घेऊन वाचा आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरं वहीत उतरवा.

संग्रह संपूर्ण आहे की निवडक? ‘संपूर्ण’ म्हणजे ‘त्या वर्षापर्यंत सापडलेली सर्व’ एवढाच अर्थ धरा. ‘निवडक’ असेल तर निवडीचा निकष सांगितलाय का, हे बघा. वाङ्मयीन महत्त्वाची पत्रं घेतली असं संपादक म्हणत असेल, तर पैशाची, प्रकृतीची, घरभाड्याची पत्रं गेली हे समजून चाला. तुमचा प्रश्न नेमका त्यांच्यावर अवलंबून असेल तर हा संग्रह तुमच्या कामाचा नाही, मग तो कितीही वाचनीय असो.

पत्रांच्या आत काही गाळलं आहे का, आणि गाळलं तिथे खूण आहे का? टिंबं संपादकाची की लेखकाची? चांगला संपादक स्वतःची टिंबं चौकटी कंसात घालतो. खूण न करता गाळणारा संग्रह अवतरणासाठी वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काफ्काने त्याची भाषांतरकार आणि मैत्रीण मिलेना हिला लिहिलेली पत्रं १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा हयात व्यक्तींना दुखावतील असे परिच्छेद वगळलेले होते. ते भरून काढलेली वाढीव आवृत्ती १९८३ मध्ये आली. मधल्या तीस वर्षांत जे जे लिहिलं गेलं, ते अपुऱ्या मजकुरावर.

छापलेलं पत्र कशावरून छापलं? मूळ हस्तलिखितावरून, कुणाच्या नकलेवरून, की आधीच्या छापील पुस्तकावरून? रवींद्रनाथांनी पुतणी इंदिरादेवींना १८८७ ते १८९५ या काळात लिहिलेली पत्रं घ्या. इंदिरादेवींनी ती वह्यांत उतरवून घेतली, उतरवताना खासगी भाग सोडला. त्या वह्यांवरून रवींद्रनाथांनी स्वतः निवड आणि संस्कार करून १९१२ साली ‘छिन्नपत्र’ काढलं. वह्यांतला भरघोस मजकूर ‘छिन्नपत्रावली’ म्हणून १९६० मध्ये आला. आता तिशीतल्या रवींद्रनाथांची निसर्गाबद्दलची भावना ‘छिन्नपत्रा’तून सांगायला निघालात, तर मध्ये दोन चाळण्या आहेत: एक इंदिरादेवींची, दुसरी पन्नाशी ओलांडलेल्या रवींद्रनाथांची. ‘छिन्नपत्रावली’ घेतलीत तर एकच राहते. ललित गद्य म्हणून १९१२ चं पुस्तक वाचायचं असेल तर ती वेगळी गोष्ट.

कागदावरच खाडाखोड झालेली आहे का? अमेरिकी कवयित्री एमिली डिकिन्सनने भावाला लिहिलेल्या काही पत्रांत वहिनी सूझनचे उल्लेख कुणीतरी खोडलेले, खरवडलेले आहेत. १८९४ च्या पहिल्या छापील संग्रहात याचा पत्ता लागत नाही. असा हस्तक्षेप नोंदवणारी आवृत्तीच संशोधनाला उपयोगी.

मांडणी कालक्रमाने आहे की व्यक्तीनुसार? हे किरकोळ वाटतं, पण नाही. काफ्काची पत्रं बराच काळ वाग्दत्त वधू फेलिसची वेगळी, मिलेनाची वेगळी, बहीण ओट्लाची वेगळी अशी छापली जात होती. त्यामुळे एकाच आठवड्यात त्याने कुणाला काय लिहिलं ते नजरेला पडतच नव्हतं. १९९९ पासून निघू लागलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या खंडांत ती कालक्रमाने लागली. माणूस एकाच दिवशी आईला ‘प्रकृती छान आहे’ आणि मित्राला ‘चार रात्री झोप नाही’ असं लिहितो. व्यक्तीनुसार लावलेल्या संग्रहात यातलं एकच वाक्य हाताला लागतं आणि प्रबंधात तेच ‘सत्य’ होऊन बसतं.

सगळ्यात शेवटी सूची उघडा. फक्त व्यक्तिनामं आहेत की विषय आणि ग्रंथनामंही आहेत? टोपणनावं मूळ नावाशी जोडली आहेत का? सूची नसलेला सहाशे पानांचा पत्रसंग्रह हा संपादकाचा आळस असतो, आणि त्याची किंमत वाचक मोजतो.

तपासा: वरच्या निम्म्याहून अधिक प्रश्नांवर संपादकीय गप्प असेल, तर हा संग्रह शोधायला वापरा, उद्धृत करायला नको. त्यातून पत्राचा पत्ता काढा आणि मजकूर दुसऱ्या आवृत्तीतून घ्या.

इशारा: इंग्रजी किंवा मराठी भाषांतरातून काम करत असाल तर भाषांतर कुठल्या मूळ आवृत्तीवरून झालंय ते पाहा. भाषांतर अलीकडचं दिसतं म्हणून मूळही अलीकडचं असेल असं नाही. मिलेनाच्या पत्रांची १९५२ च्या मजकुरावर बेतलेली भाषांतरं जुन्या पुस्तकांत आणि स्कॅनमध्ये आजही सापडतात.

टप्पा ५: एक पत्र पूर्ण सोलून बघा

संग्रह पसंत पडला, तरी तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेलं एक पत्र निवडून त्याची पूर्ण झडती घ्या. पाठवणारा, मिळणारा, ठिकाण, तारीख, तारखेचा आधार, मूळ कुठे आहे, टीप काय सांगते.

इंग्रजी कवी किट्सच्या ‘निगेटिव्ह केपेबिलिटी’चं (शंका-अनिश्चिततेत राहूनही उत्तराची घाई न करण्याच्या क्षमतेचं) पत्र यासाठी नमुनेदार आहे. हा शब्दप्रयोग साहित्यविचारात इतका रुळलाय, की किट्सने त्यावर निबंध लिहिला असावा असं वाटतं. प्रत्यक्षात तो त्याच्या लेखनात एकदाच येतो, जॉर्ज आणि टॉम या भावांना लिहिलेल्या पत्रात. त्या पत्राचं मूळ आज उपलब्ध नाही. आहे ती जॉन जेफ्रीने केलेली नक्कल. जॉर्जच्या निधनानंतर त्याच्या विधवेने या जेफ्रीशी लग्न केलं, आणि किट्सचा चरित्रकार मिल्न्स याच्यासाठी त्याने पत्रं उतरवून काढली. उतरवताना तो मजकूर गाळायचा आणि शब्दही चुकवायचा, हे ज्या पत्रांची मूळं टिकली त्यांच्याशी ताडून अभ्यासकांनी दाखवलं आहे. हायडर रॉलिन्सच्या १९५८ च्या आवृत्तीत या पत्राला तारीख दिली आहे ती ‘२१, २७ (?) डिसेंबर १८१७’ अशी, प्रश्नचिन्हासकट.

हे कळल्यावर पत्र वापरू नये का? जरूर वापरावं. पण ‘किट्सने २१ डिसेंबर १८१७ रोजी ही संकल्पना मांडली’ असं ठोकून न देता, मजकूर नकलेवरून आलेला आहे आणि तारीख संपादकाने ठरवलेली आहे हे तळटिपेत नोंदवावं. आणि त्यातल्या एखाद्या अव्ययावर, स्वल्पविरामावर इमारत उभारू नये. तो स्वल्पविराम जेफ्रीचाही असू शकतो.

तारखेबाबत आणखी दोन गोष्टी. पत्रावर वार आणि तारीख दोन्ही असतील तर त्या वर्षाच्या पंचांगाशी ताडून पाहा. जुळत नसेल तर सहसा वार बरोबर असतो आणि आकडा चुकलेला. वार माणसाच्या अंगवळणी असतो, तारीख आठवावी लागते. दुसरं, कालगणना. रशियात १९१८ च्या फेब्रुवारीपर्यंत जुनी (ज्युलियन) कालगणना चालू होती, आजच्या (ग्रेगोरियन) कालगणनेच्या काही दिवस मागे. चेखवचा जन्म जुन्या पद्धतीने १७ जानेवारी १८६०, नव्या पद्धतीने २९ जानेवारी. विसाव्या शतकात हाच फरक तेरा दिवसांचा झाला. रशियातलं पत्र जुन्या आणि युरोपातून आलेलं उत्तर नव्या तारखेने छापलं असेल, तर दोन्हींमधला काळ चुकीचा मोजला जातो. इंग्लंडमध्ये हा बदल १७५२ साली झाला, आणि त्याआधी तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या जुन्या पत्रावरचं साल बघून थबकायलाच हवं.

टप्पा ६: रिकाम्या जागा मोजा

आता कालपट पुन्हा बाहेर काढा. प्रत्येक वर्षापुढे संग्रहात किती पत्रं आहेत तो आकडा लिहा. कुठे शंभर, कुठे दोन, कुठे एकही नाही. प्रत्येक रिकाम्या जागेपुढे कारण लिहा. साधारणपणे चारच कारणं असतात: माणसं एकत्र राहत होती म्हणून पत्रं लिहिलीच गेली नाहीत; लिहिली पण नष्ट झाली वा केली; आहेत पण बंद आहेत; आहेत, खुलीही आहेत, पण संपादकाने घेतली नाहीत.

जेन ऑस्टिनची सुमारे १६० पत्रं टिकली आहेत, त्यातली बरीचशी बहीण कॅसान्ड्राला लिहिलेली. मे १८०१ नंतरचं टिकलेलं पुढचं पत्र थेट सप्टेंबर १८०४ चं. कॅसान्ड्राने बरीच पत्रं जाळली, हेही माहीत आहे. म्हणून ‘या तीन वर्षांत ती निराश होती, म्हणून लिहीत नव्हती’ असं विधान केलंत तर त्याला पुरावा शून्य. शिवाय दोघी बहिणी एकाच घरात राहायच्या. पत्र फक्त एक बाहेर गेली की लिहिलं जायचं. म्हणजे टिकलेली पत्रं ताटातुटीच्या दिवसांबद्दल सांगतात, रोजच्या सहवासाबद्दल गप्प असतात. ‘कुणासोबत राहत होता’ हा रकाना यासाठी होता.

एकतर्फी पत्रव्यवहाराकडेही लक्ष हवं. काफ्काने फेलिसला लिहिलेली पत्रं पाचशेच्या वर आहेत, फेलिसची काफ्काला आलेली टिकलेली नाहीत. व्हॅन गॉगच्या २००९ च्या आवृत्तीत ९०२ पत्रं आहेत, पण त्याला आलेली त्यात फक्त ८३. तो चित्रकार असला तरी पत्रसंपादन शिकायला ही आवृत्ती उघडून पाहाच, इंटरनेटवर ती मोफत आहे आणि प्रत्येक पत्राचं छायाचित्र, संहिता, टीप शेजारीशेजारी दिसते. एकतर्फी संग्रहात समोरच्याचं म्हणणं आपण लेखकाच्या उत्तरांवरून रचत असतो. प्रबंधात ते ‘फेलिसने आग्रह धरला’ असं न लिहिता ‘काफ्काच्या पत्रावरून तिने आग्रह धरलेला दिसतो’ असं लिहा.

टप्पा ७: चरित्र आणि संग्रह यांची जोडी लावा

आता कुठे चरित्र निवडायचं. निकष एकच: चरित्रातली विधानं तुम्ही निवडलेल्या पत्रसंग्रहावर स्वतंत्रपणे तपासता आली पाहिजेत. त्यासाठी चरित्राच्या टिपांमध्ये पत्राची तारीख, मिळणाऱ्याचं नाव आणि आवृत्ती किंवा संग्रहालय असायलाच हवं. ‘एका मित्राला लिहिलेल्या पत्रात’ एवढंच असेल तर ते चरित्र वाचनालयात छान, तुमच्या टेबलावर नको.

आणि इथे एक सापळा आहे. पुष्कळदा चरित्रकार आणि पत्रसंपादक एकच असतो. मायकेल मिलगेटने हार्डीचं चरित्र लिहिलं आणि हार्डीच्या पत्रांच्या खंडांचा तो सहसंपादकही होता. एलमनने जॉइसचं चरित्र लिहिलं आणि जॉइसच्या पत्रांचे दोन खंडही संपादित केले. दोघंही पहिल्या दर्जाचे अभ्यासक, त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल प्रश्न नाही. पण चरित्रातलं विधान आणि पत्राखालची टीप एकाच डोक्यातून आलेली असताना ‘दोन्हीकडे असंच म्हटलंय’ याला दुजोरा म्हणता येत नाही. साक्षीदार एकच आहे, तो दोनदा बोलला. अशा वेळी वेगळ्या हाताचं एक चरित्र, एखादं मतभेद नोंदवणारं दीर्घ परीक्षण किंवा लेख जोडीला घ्याच.

टप्पा ८: एका घटनेवर चाचणी

शेवटच्या फेरीत दोन-तीन चरित्रं उरली असतील. ती सलग वाचायला बसू नका. वादग्रस्त अशी एक घटना घ्या आणि सूचीवरून प्रत्येक चरित्रात फक्त तेवढीच पानं वाचा, टिपांसकट.

शार्लट ब्राँटेच्या बाबतीत अशी घटना म्हणजे ब्रसेल्समधले तिचे शिक्षक एजे. त्यांना तिने लिहिलेली चार पत्रं टिकली आहेत, १८४४-४५ मधली, फ्रेंच भाषेत, त्यातली काही फाडून पुन्हा जोडलेली. गॅस्केल स्वतः ब्रसेल्सला जाऊन एजेंना भेटली होती, पत्रांतला मजकूर तिला ठाऊक होता. तरी चरित्रात तिने निरुपद्रवी तेवढे उतारे दिले आणि शार्लटची त्या काळातली खिन्नता मुख्यतः भावाच्या अधोगतीशी जोडली. पत्रं पूर्ण रूपात १९१३ मध्ये छापली गेली. आता कुठलंही चरित्र उघडा आणि बघा: चरित्रकार ही चार पत्रं मूळ फ्रेंचमधून देतो की भाषांतरातून? फाडल्या-जोडल्याची नोंद करतो का? एजेंची उत्तरं नाहीत हे सांगतो का? तिच्या मनात काय चाललं होतं हे सांगताना पुराव्यावर बोलतो, की कादंबरीतल्या नायिकेच्या तोंडचे संवाद तिच्या तोंडी घालतो?

हा शेवटचा दोष साहित्यिकांच्या चरित्रांत सर्वाधिक आढळतो. कथा-कादंबरीतून जीवन काढायचं आणि मग त्याच जीवनाने कथा-कादंबरी समजावून द्यायची. असं वर्तुळ दिसलं की त्या प्रकरणापुरतं चरित्र बाजूला ठेवा.

तपासा: टीप नसलेला, पण संवाद, हवामान आणि चेहऱ्यावरचे भाव असलेला प्रसंग सापडला का? तीन सापडले तर ते पुस्तक संशोधनाच्या यादीतून काढून टाका. वाचायला हरकत नाही.

टप्पा ९: नोंद कशी ठेवायची

प्रत्येक पत्रासाठी एक नोंद. तारीख, आणि ती पत्रावरची की संपादकाने ठरवलेली, कुणाला, आवृत्ती, खंड, पृष्ठ, संहितेचा आधार, भाषांतर असेल तर भाषांतरकार. पत्रक्रमांकावर विसंबू नका, नव्या आवृत्तीत क्रम बदलतात. तारीख आणि मिळणाऱ्याचं नाव असेल तर कुठल्याही आवृत्तीत पत्र सापडतं. चरित्रातून उचललेलं अवतरण मूळ संग्रहात सापडेपर्यंत वेगळ्या रंगात ठेवा. सापडलंच नाही तर ‘अमुक चरित्रात उद्धृत’ असं सरळ लिहा, त्यात कमीपणा नाही.

स्कॅन केलेल्या पुस्तकात शब्द शोधणं सोयीचं, पण पत्रांत माणसं टोपणनावांनी आणि आद्याक्षरांनी वावरतात. ‘शोधलं, सापडलं नाही’ म्हणजे ‘उल्लेख नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

टप्पा १०: परवानगीचं आधी बघा

पत्राचा कागद ज्याला ते मिळालं त्याच्या मालकीचा असतो, शब्दांवरचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि पुढे त्याच्या वारसांचा. संग्रहालयाने पत्र वाचू दिलं म्हणजे छापायची परवानगी मिळाली असं होत नाही. अमेरिकी कादंबरीकार जे. डी. सॅलिंजरची पत्रं विद्यापीठांच्या ग्रंथालयांत वाचायला उपलब्ध होती. तरी १९८७ मध्ये अमेरिकी न्यायालयाने त्यांतली अवतरणं आणि जवळजवळ तसंच केलेलं शब्दांतर असलेलं चरित्र रोखलं. चरित्रकाराला ते नव्याने लिहावं लागलं. पुढे १९९२ मध्ये तिथला कायदा काहीसा सैल झाला, पण अप्रकाशित पत्रांबाबत सावधगिरी अजूनही हवीच.

भारतात हक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, ब्रिटनमध्ये सत्तर. मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनासाठी भारतात साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. म्हणजे लेखकाला जाऊन शतक उलटलं तरी गेल्या वीस वर्षांत प्रथमच छापलेली पत्रं मुक्त झालेली नसतील. प्रबंधातली चार ओळींची अवतरणं सहसा अडत नाहीत. प्रबंधाचं पुस्तक करताना अडतात. म्हणून नोंदीत हक्कधारकाचाही रकाना ठेवा आणि पूर्ण पत्र द्यायचं असेल तर प्रकरण लिहायला घेण्याआधी पत्र पाठवा. वारस उत्तर द्यायला महिनोन्‌महिने घेतात, आणि कधीकधी नकार देतात.